राहिलेला एक स्क्रू

दुपारचे साडेतीन. शारजातल्या कुणाच्या तरी व्हिलाच्या मागच्या अंगणात नवाकोरा लाकडी डेक तयार झालेला, आणि त्याच्या कडेला वाळूत बसून एक साठीकडे झुकलेला माणूस शांतपणे सेफ्टी बुटांच्या नाड्या सोडतोय. हे दृश्य मी नऊ वर्षांत किती वेळा पाहिलं त्याची गणती नाही. आधी बूट, मग मोजे, मोज्यांची नीट घडी, पँट घोट्याच्या वर दोन वळ्या, आणि मग आमचे मेस्त्री अनवाणी त्या डेकवर चढायचे. एकही फळी न चुकवता या टोकाकडून त्या टोकाला जायचे. शेवटची फळी झाली की त्याच तापलेल्या लाकडावर उताणे पडायचे आणि दोन मिनिटं डोळे मिटून घ्यायचे. घरच्या मालकीणबाई खिडकीतून बघत असल्या तर हमखास घाबरायच्या. एकीने तर ॲम्ब्युलन्सला फोन लावला होता.

मग ते उठायचे, पाठ झटकायचे आणि मला म्हणायचे, "पास आहे. घे सही."

सही घ्यायचं काम माझं. हमरियाच्या फ्री झोनमध्ये आमच्या कंपनीचा कारखाना होता. तिथे लाकूड कापून तयार व्हायचं आणि दुबई-शारजातल्या व्हिलांच्या अंगणात त्याचे डेक बसायचे. मी कोटेशनं बनवायचो, क्लायंटला तारखा द्यायचो आणि काम संपलं की हँडओव्हरच्या कागदावर सही घ्यायचो. मेस्त्री आमचे मुख्य सुतार. वसईचे ख्रिश्चन, तीन पिढ्यांचं सुतारकाम. मी पुण्याचा कॉमर्स ग्रॅज्युएट आहे हे ठाऊक असूनही ते मला "इंजिनीअर" म्हणायचे. यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते त्यांनी मला कधी कळू दिलं नाही.

सही झाली की मात्र ते त्या डेकवर पुन्हा पाऊल ठेवत नसत. एका क्लायंटनं खूश होऊन आम्हा सगळ्यांना संध्याकाळी कबाब खायला थांबवलं. बाकीची मंडळी डेकवर ऐसपैस बसली, आणि मेस्त्री प्लेट हातात धरून खाली वाळूत उभे राहिले. मी म्हटलं, "अहो, या ना वर. तुम्हीच बांधलाय."

"हँडओव्हर झाला. खलास," ते म्हणाले. "आता तो परक्याचा ओटा."

डेकला ते ओटाच म्हणायचे. दाराबाहेर बसायची जागा म्हणजे ओटा. मग तिच्याशेजारी पोहण्याचा तलाव असो नाहीतर वर लाखभर दिरहमचं छत असो.

त्यांचं आणि आमच्या मुदीरचं एका गोष्टीवरून कायम वाजायचं. मुदीर म्हणजे आमचे मॅनेजर, बैरुतचे, पायाला भिंगरी लावलेला माणूस. त्यांना कंटेनरमधून उतरलेलं लाकूड दुसऱ्या दिवशी साइटवर हवं असायचं. मेस्त्री ते लाकूड यार्डात पट्ट्यांवर पसरून ठेवायचे आणि तीन आठवडे कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. रोज सकाळी स्वतः एकेक फळी उलटी करायचे.

"यल्ला, मेस्त्री! व्हाय द वुड इज स्लीपिंग?" मुदीर ओरडायचे.

"वुड टायर्ड, सर. लाँग जर्नी."

मला त्यांनी कारण नीट सांगितलं होतं, पहिल्याच आठवड्यात. त्या दिवशी ते वसईची सुकेळी घेऊन आले होते. तिकडची सोनेरी, उन्हात वाळवलेली केळी. एक माझ्या हातात ठेवून म्हणाले, "हे मूळचं केवढं होतं, सांग बरं."

मी बोटानं दाखवलं.

"मग उन्हात ठेवल्यावर लहान झालं ना? लाकूड तसंच. दमट देशातून येतं, अंगात पाणी घेऊन. इथल्या हवेत ते पाणी उडतं आणि फळी आकसते. जे आकसायचं ते आधी आकसू दे, मग ठोक. नाहीतर ठोकल्यावर आकसणार आणि मध्ये भेगा पडणार." मग म्हणाले, "मलाही विमानातून उतरवून त्याच दुपारी साइटवर नेलं होतं. म्हणून सांगतो. तूसुद्धा पंधरा दिवस कुणाशी भांडू नकोस. आधी हवा लागू दे."

वाळलेल्या दोन फळ्यांमध्ये ते बरोबर एक दिरहमच्या नाण्याच्या जाडीएवढी फट ठेवायचे. तेवढ्यासाठी एक नाणं त्यांच्या खिशात वेगळं असायचं, घासून घासून त्याच्यावरचं कॉफीच्या किटलीचं चित्र पुसट झालेलं. तापलेल्या वाळवंटात नऊ वर्षं मी त्या फटी बघितल्या. त्यांची फट कधी वाढली नाही आणि कधी मिटली नाही.

एकदाच वाढली, आणि ती माझ्यामुळे. एका बाईंच्या मुलीचा साखरपुडा होता आणि मी छाती ठोकून तारीख देऊन बसलो होतो. लाकूड येऊन पाचच दिवस झाले होते. मेस्त्री म्हणाले, "इंजिनीअर, हे लाकूड अजून कच्चं आहे." मी म्हटलं, "या वेळी सांभाळून घ्या ना." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हत्यारं उचलली. साखरपुडा झोकात झाला. दोन महिन्यांनी त्या बाईंचा फोन आला की फळ्यांच्या मध्ये करंगळी जाते आणि नवऱ्या मुलीचं कानातलं खाली पडलंय. मुदीरनी दोघांनाही केबिनमध्ये बोलावलं. नोकरी गेली असती तर बायको-मुलीसकट महिन्याभरात गाशा गुंडाळावा लागला असता. मी तोंड उघडायच्या आत मेस्त्री म्हणाले, "माय मिस्टेक, सर. आय थॉट वुड रेडी."

गल्फमधल्या सव्वीस वर्षांत त्यांच्या नावावर लागलेला तो एकच डाग. तो डेक त्यांनी पुन्हा बांधला. मी माफी मागायला गेलो तर म्हणाले, "कानातलं सापडलं. ते नेऊन दे त्यांना." पुन्हा कधी विषय काढला नाही.

खऱ्या लाकडाबद्दलही त्यांचा असाच हट्ट. एका मॅडमना काळपट राखाडी रंगाचा, प्लॅस्टिक मिसळलेला डेक हवा होता, मासिकात बघितलेला. मेस्त्रींनी वाद घातला नाही. सकाळीच चार नमुने उन्हात मांडले आणि दुपारी मॅडमना म्हणाले, "मॅडम, चप्पल निकालिए, प्लीज." मॅडमनी काळ्या नमुन्यावर पाय टेकवला आणि अशा किंचाळल्या की शेजारच्या व्हिलातला माळी धावत आला. मेस्त्री अदबीनं म्हणाले, "ये फोटो में ठंडा रहता है."

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले दिवाळीच्या फराळाला. दुबईत करामामधला आमचा फ्लॅट म्हणजे दोन खोल्या आणि चार फुटांची बाल्कनी. तिच्यात एसीचं मशीन, कपड्यांचा स्टँड आणि तांदळाची गोणी. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. ती बाल्कनीत गेली आणि तापलेल्या लादीवरून पाय झाडत आत पळाली. मेस्त्रींनी हातातली चकली खाली ठेवली.

"पोरीचे पाय भाजतात, आणि तू जगाला ओटे विकतोस?"

पुढच्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ते मुदीरना विचारून आणलेले लाकडाचे उरलेले तुकडे घेऊन हजर झाले. बिल्डिंगचा नातूर, म्हणजे आमचा वॉचमन, लिफ्टमध्ये लाकूड चढवू देईना. मेस्त्रींनी त्याच्या हातावर सुकेळी ठेवली आणि त्याच्या गावाची चौकशी केली. दहा मिनिटांत नातूरच एक बाजू धरून वर आला. संध्याकाळपर्यंत बाल्कनीत डेक झाला. साग, पाइन, आणखी कसली कसली लाकडं, प्रत्येक फळीचा रंग वेगळा, पण फटी सगळ्या नाण्याच्या मापाच्या. मी गमतीनं म्हटलं, "मेस्त्री, आणू का कागद? करतो सही."

त्यांनी शेवटच्या फळीकडे बघितलं. हातातला स्क्रू शर्टाच्या खिशात टाकला.

"थांब. एक स्क्रू राहिलाय. पुढच्या शुक्रवारी लावतो."

पुढच्या शुक्रवारी ते आले. बूट काढले, मोज्यांची घडी केली, बाल्कनीत मांडी घालून बसले. चहा झाला, पोहे झाले. मी ड्रिल आणलं तर म्हणाले, "ठेव रे ते. चहा थंड होतोय." त्याच्या पुढच्या शुक्रवारी तेच. मला कळायला चार शुक्रवार लागले. बायकोला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ती मला स्वयंपाकघरात म्हणाली, "त्यांना यायचंय. स्क्रूचं विचारू नकोस."

सहा वर्षं ते येत राहिले. मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पात एका खोलीत सहा जण राहायचे, तिथून दोन बस बदलून. आमच्याकडे सुट्टी शुक्रवारची जाऊन रविवारची झाली तेव्हा ते मनापासून खूश झाले होते. "आता देव आणि सुट्टी एकाच दिवशी भेटतात," म्हणायचे. चर्चमधली मिस्सा आटोपून थेट आमच्याकडे. स्क्रू त्यांच्या मिस्सेच्या शर्टाच्या खिशात असायचा. बसले की तो काढून बशीत ठेवायचे आणि उठताना परत खिशात. फळी एका बाजूनं सुटी असल्यामुळे तिच्यावर पाय पडला की टक् असा आवाज व्हायचा. मुलगी मोठी होत गेली तशी तिला ही भानगड खटकायला लागली.

"अंकल, इट टेक्स टेन सेकंड्स!"

"यस, बाय माझी. नेक्स्ट संडे. इन्शाल्ला."

त्या बाल्कनीत ते त्यांच्या ओट्याबद्दल बोलायचे. वसईला बावखलाच्या काठी त्यांचं कौलारू घर आहे. बावखल म्हणजे त्या भागातलं गोड्या पाण्याचं तळं. लग्न झालं तेव्हा बायकोनं एकच मागितलं होतं: दारात ओटा हवा, दगडाचा नको, लाकडाचा. पाय गार राहतील आणि संध्याकाळी दोघांना बाहेर बसता येईल. ते म्हणाले होते, दोन वर्षं गल्फला जाऊन येतो, मग बांधतो. त्या दोन वर्षांची सव्वीस झाली. आधी मुलींची शिक्षणं, मग लग्नं, मग कौलं, मग आणखी काही. दर सुट्टीत ते घरी जायचे ते महिन्याभरासाठी, आणि लाकूड वाळवायलाच तीन आठवडे लागतात.

"घाईघाईत बांधून टाकायचा ना," मी एकदा म्हटलं.

"तुझ्या त्या बाईंच्या साखरपुड्यासारखा?" ते हसत म्हणाले. मग ते खालच्या रस्त्याकडे बघू लागले. खाली बस थांबल्या, गेल्या. "सगळ्या शारजाला बाहेर बसवलं मी, इंजिनीअर," ते म्हणाले. "घरची मात्र अजून उंबऱ्यावर बसते."

वय झालं म्हणून कंपनीनं त्यांचा व्हिसा पुढे वाढवला नाही. एप्रिलमधल्या शेवटच्या रविवारी ते आले तेव्हा मी ड्रिल चार्ज करून बाल्कनीत ठेवलं होतं. का ठेवलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक त्यांच्या हातानं काम पुरं व्हावं असं वाटलं असावं. त्यांनी ड्रिलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"एवढी घाई?"

चहा पिऊन झाल्यावर त्यांनी बशीतला स्क्रू उचलून खिशात टाकला. "पुढच्या वेळी लावतो."

पुढची वेळ नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. मी "बरं" म्हणालो आणि रिकामे कप उचलायच्या निमित्तानं आत गेलो. स्वयंपाकघरात नळ सोडून रडलो.

जुलैअखेर आम्ही सुट्टीवर गेलो, तेव्हा एक दिवस काढून वसईला गेलो. पाऊस मी म्हणत होता. मेस्त्री छत्री घेऊन फाट्यावर उभे होते, आणि इतके ओशाळलेले मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. घरी पोचेपर्यंत ओट्याबद्दल चकार शब्द नाही.

दारात ओटा होता. म्हणजे झाला होता. उत्तम सागाचा, कडांना गोलाई दिलेला, आणि मधोमध उंटाच्या पाठीसारखा उचललेला. फळ्या फुगून एकमेकींना रेटत होत्या, चारदोन स्क्रूसकट वर उचलल्या गेल्या होत्या. त्याच्यावर बसायची सोय राहिली नव्हती. आंटींनी, म्हणजे मेस्त्रींच्या बायकोनं, दाराच्या आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या, आणि आम्ही सगळे ओट्याकडे बघत बसलो. समोर बावखल तुडुंब भरलं होतं.

झालं होतं असं. मे महिन्यात मेस्त्रींनी साग आणला. हमरियाच्या यार्डात करायचे तसा अंगणात पट्ट्यांवर पसरला. तीन आठवडे रोज सकाळी एकेक फळी उलटी केली. खडखडीत वाळवला. मग खिशातलं दिरहमचं नाणं काढून, फट मोजून ठोकला. वाळवंटात हे अगदी बरोबर. इथे जून आला, आणि त्या तहानलेल्या लाकडानं चार महिन्यांचं पाणी प्यायला सुरुवात केली. फुगायला जागा नाण्याएवढीच होती.

आंटी चहा घेऊन आल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "सुकेळी पावसात ठेवलीत तर काय होतं, ते आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं. ह्यांना मी सांगत होते, जरा लांब लांब ठोका. मला म्हणतात, तुला काय कळतंय, मी इंटरनॅशनल मेस्त्री आहे!"

आम्ही हसलो. मेस्त्रीही हसले, पण उशिरा. मी वातावरण हलकं करायला म्हटलं, "मेस्त्री, हा डाग कुणाच्या नावावर टाकायचा?"

"माझ्या," ते म्हणाले. "या वेळी खरोखर माझ्या."

आंटी आत गेल्यावर हळूच म्हणाले, "सव्वीस वर्षं लाकडाला फक्त आकसताना बघितलं रे. ते फुगतंसुद्धा, हे विसरलो. मी. वसईचा सुतार." त्यांनी आपले दोन्ही तळहात बघितले. "हात तिकडचे झाले, इंजिनीअर."

मला त्यांचा हात धरावासा वाटला. धरला नाही. आपल्याकडे पुरुष तसं करत नाहीत आणि मीही तसलाच. निघताना ते म्हणाले, दिवाळीनंतर लाकूड सुकलं की सगळा ओटा उघडतो आणि पाच रुपयांची तीन नाणी एकत्र ठेवून फट मोजतो. "ये तेव्हा. तुला दाखवतो इथला ओटा कसा बांधतात ते."

सप्टेंबरात एका दुपारी मेस्त्री जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मला बातमी मोबाइलवर कळली, एका साइटवर, एका क्लायंटची सही घेताना. नव्या मेस्त्रींनी डेक पूर्ण केला होता. बूट घालूनच ते त्याच्यावरून चालत होते.

नोव्हेंबरात आंटींचा फोन आला. आवाज स्थिर होता.

"भाऊ, ओटा बसला हो."

मला आधी काही कळेना. मग लक्षात आलं. पाऊस गेला, ऑक्टोबरचं ऊन पडलं, फळ्या सुकल्या आणि आपापल्या जागी उतरल्या. फट पुन्हा नाण्याएवढी.

"भाचा सुतार आहे, तो म्हणतो मामी, उघडून नीट बांधून देतो," आंटी म्हणाल्या. "मी हात लावू दिला नाही. आठ महिने बसेन, चार महिने आत बसेन. पावसात रुसला तर रुसू दे."

"तुम्ही दोघं बसलात का हो त्याच्यावर?" मी विचारलं. हे विचारायचं मला जुलैपासून राहून गेलं होतं.

"बसलो की. अकरा संध्याकाळी. शेवटची फळी ठोकली तेव्हापासून पाऊस लागेपर्यंत अकरा." "मी म्हटलं, तुमच्या तिकडच्यासारखी सही करून देऊ का कागदावर? तर म्हणाले, नको. तू सही केलीस तर मला खाली उतरावं लागेल."

मग त्याच पुढे म्हणाल्या, "बरं, दुसरंच विचारायला फोन केला. ह्यांच्या मिस्सेच्या शर्टात एक स्क्रू सापडलाय. आमच्या ओट्याचा नाही, मी सगळे बघितले. तुमच्याकडचा आहे का? आमच्या इथलं कोणी ना कोणी दुबईला येत असतं. पाठवून देते."

"नको आंटी. राहू दे तिथेच."

"अहो, पण तुमचं काम अडलं असेल."

"नाही अडलं."

फोन ठेवून मी बाल्कनीत गेलो. चप्पल बाहेर काढली. पाय पडल्यावर फळी वाजली, टक्. खोलीत अभ्यास करणारी मुलगी तिथूनच वैतागली.

"बाबा, समवन विल ट्रिप वन डे! जस्ट फिक्स इट, ना."

"लावतो," मी म्हणालो. "नेक्स्ट संडे. इन्शाल्ला."